४१, ७७ आणि ०९ : इंजिन झिजीच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

सकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. दिवाळीपासून तीन इंजिनं बसलीत, खर्च किती येईल ते काढ आणि कोणामुळं बसली ते पण काढ. खर्चाचं सोपंय, कोटेशन मागवलं की झालं. दुसरं मात्र ज्या टोनमध्ये म्हणाले त्यावरून कळलं की उत्तर त्यांच्याकडं आधीच तयार आहे, माझ्याकडून फक्त सही पाहिजे. म्हणून ही वही सुरू केली, रोजचं रोज लिहायचं, नंतर आठवून लिहिलं की माणूस आपल्या सोयीचं लिहितो.

नोंद म्हणून : नाशकात स्टाफ बसचं काम, ३८ गाड्या, त्यातल्या १४ एकाच मॉडेलच्या, सहा सिलिंडर, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), बीएस फोर (प्रदूषणाचा जुना नियम), वेट लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, बाहेरून पाण्यात), बोअर म्हणजे तिचा आतला व्यास १०४ मिमी. तिन्ही बसलेल्या गाड्या या १४ मधल्याच. गाडी ४१ ऑईल पिते आणि बॅक कॉम्प्रेशन मारते (पिस्टनभोवतीच्या कड्या म्हणजे रिंगा, त्यांच्या कडेनं गॅस खाली ऑईलच्या बाजूला येतो). ७७ चं पाणी कमी होतं आणि ऑईल चहासारखं झालंय. ०९ काळा धूर, पिकअप नाही, घाटात तर विचारूच नका. ४१ चं फुल इंजिन काम होऊन फक्त १ लाख १० हजार किमी झालेत. आमच्याकडं हे इंजिन चार-पाच लाख आरामात जातं.

काका (आमचे हेड मिस्त्री, तीस वर्षं याच कामात) म्हणाले, "बाळा, ऑईल पिते म्हणजे रिंगा गेल्या, यात शोधायचं काय?" म्हणलं काका रिंगा गेल्या ते मलाही माहितीय, कशानं गेल्या ते शोधायचंय. "चालवून गेल्या," म्हणाले.

११ फेब्रुवारी

४१ ची ऑईलची वही काढली. २६ दिवस, ३,९०० किमी, टॉप-अप १५.५ लिटर, म्हणजे २५० किमीला एक लिटर. चांगल्या गाडीला आमच्याकडं हजार-दीड हजार किमीला पण लिटर लागत नाही.

आणि आता कळलं शेठचं उत्तर काय होतं ते. ४१ चा ड्रायव्हर ऑईल विकतो असा त्यांचा संशय आहे, दोन महिन्यांत त्याच्या पगारातून ३,६०० कापलेत, मला कोणी सांगितलंच नव्हतं. अण्णा (ड्रायव्हर, पन्नाशीचे) स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत, क्लीनर पोरानं सांगितलं. उद्यापासून सहा दिवस ४१ चा ऑईलचा डबा माझ्या ताब्यात, ड्रेन नटवर पिवळा पेंट मारून खूण केली, डिपस्टिकला तार बांधून सील. अण्णांना म्हणलं राग मानू नका, तुमच्यासाठीच करतोय. "करा की," म्हणाले, एवढंच.

१३ फेब्रुवारी

बॅक कॉम्प्रेशन मोजायला नीट मीटर नाही आपल्याकडं, काका ब्रीदरपाशी (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी) तळहात धरून सांगतात की मारतंय का नाही, आणि खरं सांगायचं तर ते चुकत नाहीत, पण शेठला तळहात दाखवून चालत नाही. समोर शेडचं बांधकाम चालूय तिथल्या गवंड्याकडून लेव्हल पाईप (पाणी भरून पातळी बघायची पारदर्शक नळी) मागून आणला. ब्रीदरला ठरावीक भोकाचं बूच, पाईप यू आकारात वाकवून अर्धा पाण्यानं भरला, एक टोक डिपस्टिकच्या नळीला, दुसरं मोकळं. इंजिन गरम करून ठरावीक आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजायचा. सगळ्या गाड्यांना तेच बूच, तेच आरपीएम, म्हणजे निदान आपापसात तुलना करता येते.

चौदाच्या चौदा मोजल्या, रात्री साडेअकरा झाले. दहा गाड्या १० ते २५ मिमीच्या आत. ५८ ला ४५. ७७ ला ३०. ०९ ला ९५. ४१ ला १४०, पाणी पाईपच्या बाहेरच यायला निघालं होतं.

७७ ला फक्त ३०. म्हणजे ७७ च्या रिंगा तशा ठीक आहेत. हे आजच लिहून ठेवतो कारण डोक्यात आत्तापासूनच "तिन्हींना एकच रोग" हे बसायला लागलंय.

१७ फेब्रुवारी

सहा दिवस झाले. ४१, ९०० किमी, साडेतीन लिटर, सगळं माझ्या हातानं ओतलेलं, सील जागेवर, पेंट जागेवर. म्हणजे २५७ किमीला लिटर. इंजिनच पितंय. शेठना सांगितलं, ते म्हणाले पूर्ण रिपोर्ट येऊ दे मग बघू.

ऑईल सॅम्पल चार गाड्यांची लॅबला पाठवली, तीन बसलेल्या आणि २२ नंबर (तिचं सगळं ठणठणीत आहे, तुलनेसाठी). सॅम्पल इंजिन गरम असताना डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाईप घालून ओढलं, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीच्या) तळाचं घेतलं की गाळ येतो आणि रिपोर्ट उगाच भयंकर दिसतो.

२० फेब्रुवारी

लग्नसराई. गाड्या बाहेर, वर्कशॉप रिकामं, मी ऑफिसात बसून डिझेलची बिलं जुळवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

४१ उघडली. हेड उतरवलं, चेंबर उतरवला, सहाही पिस्टन बाहेर.

बोअरमध्ये बोट घातलं की वरच्या टोकाला, जिथं टॉप रिंग वर जाऊन परत फिरते तिथं, नखाला पायरी अडकते. होनिंगच्या तिरक्या रेघा, नव्या लायनरला असतात त्या, वरच्या अर्ध्या भागात पार गायब, आरशासारखं चकचकीत, तोंड दिसतं. खालच्या भागात मात्र रेघा अजून जशाच्या तशा! म्हणजे झीज सगळी वर, खाली जवळपास काहीच नाही. डायल गेज लावला : तीन नंबरला वर १०४.१८, खाली १०४.०२.

मग टॉप रिंग त्याच बोअरमध्ये खाली, न झिजलेल्या भागात सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने मोजली, १.३५. नवीन रिंगला ०.४० च्या आसपास असते. आता गंमत, रिंग बाहेरच्या अंगानं झिजली की तिच्या तोंडाची फट त्या झिजीच्या सव्वासहापट वाढते (२π, म्हणजे दोन गुणिले ३.१४), म्हणून ०.९५ भागिले ६.२८, म्हणजे रिंग जाडीत ०.१५ झिजली. टॉप रिंगवरचा क्रोमचा थरच मुळात एवढासा असतो, तो गेला म्हणजे खालचं लोखंड उघडं. रिंग उन्हात फिरवून बघितली तर क्रोमची पांढरी चमक दोन्ही टोकांजवळ पूर्ण गेलेली, मधे थोडी शिल्लक. तीच रिंग वर सरकवली, तिथं बोअर ०.१६ मोठा, त्याची ३.१४ पट मिळवली तर फट १.८५ यायला पाहिजे, प्रत्यक्षात १.९० आली. हिशोब जुळला की बरं वाटतं राव. काकांना दाखवलं तर म्हणाले, "मी तुला हेड न उतरवता सांगितलं होतं."

बरोबर आहे, सांगितलं होतं.

२५ फेब्रुवारी

बिग एंड आणि मेन बेअरिंग (खालच्या क्रँकशाफ्टची) बघितली. मी खूप खराब अपेक्षित करत होतो, निघाली बऱ्यापैकी. बारीक रेघा आहेत, दोन-तीन ठिकाणी वरचा मऊ थर जाऊन तांबूस दिसतंय, पण एक लाख किमीला एवढं चालतं. ऑईल रिंग पण फार झिजलेली नाही.

हे महत्त्वाचंय. घाण ऑईलमधून आली असती (फिल्टर चोंदून बायपास, डबा उघडा राहिला, काहीही) तर आधी बेअरिंग आणि खालची ऑईल रिंग गेली असती. इथं वरची रिंग आणि बोअरचा वरचा भाग गेलाय आणि खालचं शाबूत. म्हणजे घाण वरून, हवेबरोबर आलीय. शेठला वाटतंय स्वस्तातलं ऑईल घेतल्यामुळं झालं असेल (ते स्वस्तातलं ऑईल त्यांनीच घेतलं होतं, पण ते असो), तर ऑईल सुटलं यातून.

१ मार्च

लॅबचे रिपोर्ट आले. आकडे पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) :

४१ : लोखंड २४०, सिलिकॉन ८६, अॅल्युमिनियम २७, क्रोम २२.
०९ : लोखंड १८०, सिलिकॉन ६१, अॅल्युमिनियम २०, क्रोम १५.
७७ : लोखंड ६०, सिलिकॉन ४८, अॅल्युमिनियम ४, क्रोम ३, पाणी आहे.
२२ : लोखंड ३५, सिलिकॉन ९, अॅल्युमिनियम ३, क्रोम २.

सिलिकॉन म्हणजे माती, असं सगळे म्हणतात, आणि मी पण रिपोर्ट बघताच तिन्हींवर धूळ असं पेनानं लिहून मोकळा झालो. मग चहा पिताना लक्षात आलं की मातीत नुसतं सिलिकॉन नसतं, अॅल्युमिनियम पण असतं. आपला काळा पाषाण घेतला तर सिलिकॉन अॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट. ४१ मध्ये ८६ ला २७, ०९ मध्ये ६१ ला २०, दोन्हीकडं तिप्पटच (थोडं अॅल्युमिनियम पिस्टनचं असणार, तरी पण). ७७ मध्ये ४८ ला ४, बारापट. ही माती नाही. आठवलं, जानेवारीत ७७ चा चेंबर उतरवून परत बसवला होता आणि हेल्परनं सिलिकॉन सीलंट सढळ हातानं फासला होता, पोळीला तूप लावतात तसा. तेच ऑईलमध्ये उतरलंय. पेनानं लिहिलेलं खोडलं.

अजून एक गोष्ट वाटायची, वाळूतल्या गारगोटीसारखं कडक काही आपल्या दगडात फारसं नाही, मग एवढी झीज कशी. पण बेसॉल्टमधली (म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातली) खनिजं कडकपणाच्या दहाच्या पट्टीवर सहाच्या आसपास येतात आणि लायनरचं बीड त्याहून मऊ. पुरतंय तेवढं. कणाचा आकार पण बघायला पाहिजे, रिंग आणि बोअरमधला ऑईलचा थर काही मायक्रॉनचाच, त्यामुळं पाच ते वीस मायक्रॉनचा कण सगळ्यात वाईट. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. डोळ्याला जी धूळ दिसते ती नव्हेच, जी दिसत नाही ती खाते.

३ मार्च

धूळ शिरली कुठून. डोकं लावून जागा कमी केल्या : टर्बोच्या पुढं इंटरकूलर, त्याचे पाईप, मॅनिफोल्ड, सगळीकडं लोडवर दाब असतो, तिथं गळती असली तर हवा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही. आत ओढली जाते ती फक्त एअर फिल्टर ते टर्बो या तुकड्यात. टर्बोचं कॉम्प्रेसर व्हील बघितलं, पात्यांच्या पुढच्या कडा बोथट, धार लागलेली सुरी दगडावर घासल्यासारख्या. म्हणजे नक्की टर्बोच्या आधी.

हिशोब करून बघितला म्हणजे किती हवा जाते ते. पावणेसहा लिटरचं इंजिन, दोन हजार आरपीएम, टर्बोचा दाब धरून तासाला सहाशे घनमीटरच्या आसपास. दहा बाय दहाच्या वीस खोल्यांमधली हवा, दर तासाला. आणि ४१ चा रोजचा रस्ता खडी क्रशरच्या बाजूनं, पुढं डंपर असला की हेडलाईट लावून चालवावं लागतं, दिवसा.

फिल्टर ते टर्बो रबरी एल्बो (वाकडा पाईप) आहे. दोन्ही टोकं बंद करून आत ०.३ किलो दाबानं हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. सगळ्या क्लिपा टाईट. एल्बो हातानं चाचपला, ठीक वाटला.

संध्याकाळी काका म्हणाले, "तुझी धूळ बहुतेक उडून गेली रे." हसले सगळे.

८ मार्च, शनिवार

सापडलं!!

झालं असं की पिस्टन बाहेर असलेलं ४१ चं इंजिन अजून फ्रेमवरच आहे, काका फ्रंट माऊंटिंगचा (इंजिन ज्या रबरावर फ्रेमला बसतं त्याचा) नट काढत होते, नट निघेना म्हणून इंजिनखाली टॉमी (लोखंडी दांडा) घालून जोर दिला, इंजिन दोन बोटं वर उचललं गेलं आणि मला फुस्स असा आवाज आला कारण त्या दिवशीची हवा भरायची नळी मी काढलीच नव्हती आणि कॉम्प्रेसर चालू होता. म्हणलं काका थांबा, परत उचला. परत फुस्स. साबणाचं पाणी मारलं तर एल्बोच्या खालच्या अंगाला, घडी आहे तिथं, बुडबुड्यांची माळ. इंजिन खाली सोडलं, बंद. उचललं, चालू.

एल्बो कापून काढला. घडीच्या आत चार सेमीची चीर, इंजिन जागेवर असताना घडी मिटलेली असते म्हणून चीर पण मिटलेली, बोटानं ताणली की जिभेसारखी उघडते. आतल्या अंगाला चिरेपासून टर्बोच्या दिशेनं राखाडी पट्टा, बोट फिरवलं तर पिठासारखं मऊ लागलं.

आणि माऊंटिंगचं रबर पत्र्यापासून सुटलेलं. म्हणजे अण्णा फर्स्टला क्लच सोडणार की इंजिन उसळणार, इंजिन उसळलं की एल्बो ताणणार, चीर उघडणार आणि नेमकं तेव्हाच टर्बो हवा ओढणार. त्यांच्या रस्त्यावर गतिरोधक किती, कंपनीच्या गेटपर्यंत सतरा. दर गतिरोधकाला एक घास.

माऊंटिंग रबर आमच्याकडं कधी बदलतात? तुटलं की. कोणत्याच चार्टमध्ये नाही ते.

काका नट काढताना जे झालं ते मी तीन दिवस डोकं लावून करायला पाहिजे होतं. चालत्या गाडीची चूक उभ्या गाडीत शोधत होतो.

१४ मार्च

धुळवड. वर्कशॉप बंद. नाशकात रंगपंचमीला खरा रंग असतो, पण वर्कशॉपची पोरं आजच भिजून गेलीत.

१७ मार्च

७७. आधी कँटीनमधून तवा आणला, गॅसवर गरम करून ७७ च्या ऑईलचा एक थेंब टाकला, तडतडला, फोडणीत मोहरी उडावी तसा. २२ चा थेंब टाकला, नुसता पसरला आणि धूर. लॅबवाल्यांनी पैसे घेऊन हेच सांगितलं होतं. तवा परत दिला तर मावशी घेईनात, नवीन आणून देतो म्हणलं.

हेड गॅस्केट फुटलं असणार असं काका, मी, हेल्पर, सगळ्यांचं एकमत. हेड उतरवलं, गॅस्केट चांगलं. हेड प्लेन, तडा नाही. मग लायनर ओढून काढले.

चार नंबरचा लायनर बाहेरून, पाण्याच्या बाजूनं बघितला आणि दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. एका उभ्या पट्ट्यात, वरून खाली, वाळवी लागलेल्या लाकडासारखी भोकं भोकं. बाकी सगळीकडं नुसता गंज आणि क्षार. शटर ओढून अंधार केला, बाहेरून बॅटरी धरली आणि आतून बघितलं, दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढा उजेड आत. म्हणजे आरपार!

हे झीज नाही, गंज पण नाही. पिस्टन वर-खाली होताना एका अंगानं लायनरवर आपटतो, लायनर घंटेसारखा थरथरतो, बाहेरचं पाणी त्या थरथरीबरोबर राहू शकत नाही म्हणून भिंतीला चिकटून वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात, आणि तो फुटण्याचा मारा इतका बारीक जागेत होतो की लोखंडाचा कण कण निघतो. पट्टा नेमका पिस्टन आपटतो त्याच अंगाला आहे, समोरच्या अंगाला थोडासाच. कूलंटमध्ये जी रसायनं असतात ती लायनरवर एक पातळ थर धरून ठेवतात, मार त्या थरावर पडतो, थर परत भरून निघतो. साध्या पाण्यात तो थरच नाही.

आणि आपल्याकडं काय घालतात? इंजिन काम झालं की एकदा हिरवं कूलंट, त्यानंतर कमी झालं की बोअरवेलचं पाणी. वर्कशॉपच्या मागच्या बोअरचं, जे प्यायला कोणी हात लावत नाही.

२२ मार्च

७७ चं राहिलेलं : रेडिएटर कॅप. दाब धरते का बघितलं, एक किलोची कॅप ०.३ ला सोडतेय, स्प्रिंग मेलेली. दाब कमी म्हणजे पाणी लवकर वाफ व्हायला तयार, एक किलो दाबाला उकळायला १२० अंशांच्या आसपास लागतं, ०.३ ला १०७ लाच. बुडबुड्यांना आयतं आमंत्रण.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं अडवणारा वॉल्व्ह) बघायला गेलो तर जागेवर नाहीच. चौदाही गाड्या बघितल्या, नऊमध्ये नाही. काका म्हणाले, "मीच काढले, गाडी गरम होत नाही मग." काका, गरम व्हायलाच पाहिजे हो, ८० च्या वर गेलंच नाही तर डिझेल बोअर धुऊन ऑईलमध्ये उतरतं आणि सकाळची पहिली ट्रिप संपेपर्यंत इंजिन गारच. (२०२० पासून डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलंय म्हणून आम्लाचा त्रास तरी पूर्वीसारखा नाही.) काका म्हणाले १९९८ ला एक गाडी थर्मोस्टॅट अडकून कसाऱ्यात जळाली होती, रात्रभर सत्तर पॅसेंजर रस्त्यावर, तेव्हापासून काढतो. यावर मी काही बोललो नाही. नऊ मागवले, चांगले मागवले.

३० मार्च, रविवार

पाडवा. सगळ्या गाड्या धुऊन हार, नारळ. ४१ इंजिनाविना उभी, तिलाही हार घातला कोणीतरी. शेठनी विचारलं रिपोर्ट कधी, म्हणलं ०९ उघडली की.

७ एप्रिल

०९ उघडली. ही मला सगळ्यात जास्त खटकत होती कारण ही गोंद्याला (कारखान्यांच्या भागात) जाते, हायवेनं, क्रशरचा संबंध नाही, धूळ येणार कुठून. पण आत तेच चित्र, वर पायरी, खाली होनिंग शाबूत, टॉप रिंगचं क्रोम गेलेलं, टर्बोची पाती बोथट. झीज ४१ पेक्षा थोडी कमी. एल्बो चांगला. मुद्दाम टॉमीनं इंजिन उचलून बघितलं, आवाज नाही. माऊंटिंग चांगलं.

०९ चा ड्रायव्हर आमच्याकडचा सगळ्यात टापटीप माणूस. काच रोज पुसणार, बॅटरीच्या टर्मिनलला ग्रीस लावणार, एअर फिल्टर कधी चोंदू देणार नाही. त्याचं इंजिन असं कसं.

९ एप्रिल

०९ चा फिल्टर अंधाऱ्या खोलीत नेऊन आत बल्ब घातला. घड्यांमध्ये चांदण्या. मोजल्या, एकोणीस, त्यातलं एक भोक काडेपेटीच्या गुलाएवढं. आणि फिल्टर ज्या पंखी नटानं बसतो त्याच्याखालचा रबरी वॉशर नाहीच, नुसता नट.

कॉम्प्रेसरची हवा सात किलो. कागदी फिल्टर फुंकायचाच असेल तर दोन किलोच्या आत, आतून बाहेर, नोजल लांब धरून. इथं पोरं नोजल घडीत खुपसून मारतात. आणि प्रत्येक वेळी नट काढताना वॉशर पडतो, दहावेळा सापडतो, अकराव्या वेळी नाही.

मुळात फिल्टर थोडा मळलेला चांगला गाळतो, कागदावर धुळीचा थर बसला की बारीक कण त्या थरातच अडकतो, नव्या कोऱ्या कागदातून जास्त सुटतं. ताकासारखं, पहिली धार पातळच. म्हणून फिल्टरवर तो लाल खुणेचा इंडिकेटर असतो, लाल आला की हात लावायचा, तोपर्यंत नाही. टापटीप ड्रायव्हरचा फिल्टर म्हणूनच फाटला.

१९ एप्रिल

दर आठवड्याला फुंकायचं कुठून आलं हे शोधत होतो. कॉम्प्रेसरच्या वर भिंतीवर लॅमिनेट केलेला चार्ट आहे, दीड-दोन वर्षं रोज समोरून जातो. तिसरी ओळ : "दर रविवारी एअर फिल्टर काढून हवा मारून स्वच्छ करणे. सक्तीचे." खाली सही माझी. २०२३ च्या उन्हाळ्यात दोन गाड्यांचे फिल्टर पूर्ण चोंदलेले सापडले म्हणून मीच काढला होता तो, घरी बसून, मोठ्या हौसेनं, वर गणपतीचं चित्र पण टाकलं होतं.

आज दुसरं काही लिहित नाही.

३० एप्रिल

शेठना रिपोर्ट दिला, तीन पानं. "कोणामुळं" या कॉलममध्ये लिहिलं : ४१ माऊंटिंग आणि एल्बो, तपासणीत नसल्यामुळं, जबाबदार वर्कशॉप. ७७ कूलंट आणि कॅप, जबाबदार वर्कशॉप. ०९ फिल्टर फुंकणं, माझा चार्ट. शेठनी तिसरं दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "हे असं लिहितात का कोणी?" मग खर्चाच्या पानावर गेले आणि तिथंच अर्धा तास राहिले.

अण्णांचे ३,६०० परत द्यायचं कबूल केलं, दोन हप्त्यांत. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "पैशाचं राहू द्या, सगळ्यांसमोर सांगा एकदा." सोमवारी सकाळी ट्रिपा सुटायच्या आधी सांगितलं. शेठ नव्हते, मीच सांगितलं.

५ मे

चार्ट काढला. नवीन : इंडिकेटर लाल असेल तरच फिल्टर, आणि फुंकायचा नाही, बदलायचा. एल्बो महिन्याला, इंजिन टॉमीनं उचलून. माऊंटिंग रबर दर सहा महिन्यांनी बघायचं. कूलंट तयार मिक्स, ड्रममध्ये, बोअरच्या नळाला तोटीच नाही ठेवली. वॉशर पन्नास आणून डब्यात.

पोरांना फिल्टर न फुंकणं पचत नाहीये. आज एक जण म्हणाला, "सर, मग साफ कधी करायचा?"

१९ मे

पाऊस. मे महिन्यात एवढा पाऊस, क्रशरचा रस्ता चिखल. धूळ सगळी बसली, म्हणजे ४१ चं नवीन इंजिन आत्ता चांगलं दिसलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही, दिवाळीनंतरचं सॅम्पल घेईपर्यंत थांबावं लागणार.

१६ जून, सोमवार

४१, काम झाल्यानंतर ६,२०० किमी : लेव्हल पाईप १८ मिमी, टॉप-अप शून्य. सिलिकॉन ११, पण पावसाचं धरून. ०९ चा लेव्हल पाईप १६ मिमी. ७७ ला पाणी कमी होत नाही, कॅप दाब धरतेय.

५८ राहिली होती डोक्यात, फेब्रुवारीत ४५ आली होती ती. इंजिन उचलून एल्बो बघितला, छोटी चीर, नखाएवढी, बदलला. आज परत मोजलं, ४७. एल्बो बदलून झिजलेली रिंग काही भरून येत नाही. किती दिवस चालेल ते दर पंधरा दिवसांनी मोजत राहायचं, शेठना सध्या सांगितलेलं नाही, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात चौथं इंजिन नको म्हणतील.

गवंडी लेव्हल पाईप मागायला आला होता, त्यांच्या शेडचा स्लॅब झाला पण. नवीन घेऊन दिला, जुना ठेवून घेतला.